पाचाऐवजी चार

परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हल्ली पातेल्यांची बुडं काळी होतात. सिलिंडरच खराब आला की काय?" शाळेत रसायनशास्त्र शिकवलं असल्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडेच येतात. पाहिलं तर ज्योत निळी नव्हती, पिवळी होती. शेगडीच्या खाली जिथून हवा आत शिरते, तिथे धूळ आणि तेलकट चिकटा साचला होता. गॅस बिचारा निर्दोष होता!

आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन वायू असतात. प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचं पाणी. आता डावी-उजवी बाजू जुळवायची. आधी कार्बन: ३ अणू, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग हायड्रोजन: ८ अणू, म्हणून पाण्याचे ४ रेणू. प्राणवायू सर्वांत शेवटी मोजायचा, कारण तो उजवीकडे दोन्ही ठिकाणी वाटला जातो. सहा आणि चार मिळून १० अणू झाले. प्राणवायूचे अणू जोडीने राहतात, म्हणजे ५ रेणू लागले. ब्यूटेनला हाच हिशेब केला तर साडेसहा येतात. अर्धा रेणू कुठून आणणार? मग सगळंच दुप्पट करायचं: ब्यूटेनचे २, प्राणवायूचे १३. इथे हमखास मुलांचे गुण जायचे.

हवेत प्राणवायू साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे एक लिटर प्रोपेनला सुमारे २४ लिटर हवा हवी.

आता प्राणवायूचे पाचाऐवजी चारच रेणू मिळाले तर? समीकरण अडतं का? मुळीच नाही. पाण्याचे ४ रेणू तसेच, कार्बन डायऑक्साइडचा १ आणि कार्बन मोनॉक्साइडचे २. मोजून पाहा, दोन्ही बाजू चोख जुळतात. वर्गात मी नेहमी पाचाचंच समीकरण सोडवून घेतलं, चाराचं कधी फळ्यावर लिहिलं नाही, याची खंत आजही वाटते.

कारण माझा भाचा त्या चाराच्या समीकरणात सापडला होता. बाथरूम लहान, खिडकी थंडीमुळे बंद आणि गॅस गीझर आतच. डोकं दुखतंय म्हणेपर्यंत तो खाली कोसळला. आवाज ऐकून ताईनं दार ढकललं. नशिबानं कडी लावलेली नव्हती. तो वाचला.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वासही ज्योतीत जळून जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर गुदमरतं. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, विचार नंतर करायचा. आणि गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवायचा. ताईनं तो दुसऱ्याच दिवशी गच्चीत हलवला.

वहिनींची शेगडी मी जुन्या दात घासायच्या ब्रशनं साफ केली. ज्योत पुन्हा निळी झाली. पातेली मात्र त्यांनी मलाच घासायला लावली.