तिसरे चाक जोडण्यापूर्वी

कारखान्यांची पाळी बदलण्याच्या वेळी बोईसर स्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहिले, की तारापूर औद्योगिक वसाहतीचे जीवन मोटारसायकलच्या दोन चाकांवर चालते, हे वेगळे सांगावे लागत नाही. १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. पण स्थानकापासून चिंचणी, तारापूर, नवापूर वा सातपाटीच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा अजूनही अनेकांना स्वतःच्या वाहनानेच गाठावा लागतो. हे वाहन म्हणजे बहुधा मोटारसायकल. तिच्या टाकीवर एक मूल, मागे पत्नी आणि दोघांच्या मध्ये आणखी एक मूल, हे दृश्य इथे कोणालाच नवे वाटत नाही.

अशा घरात कधीतरी एक प्रश्न उभा राहतो. समजा, वृद्ध आईला दर आठवड्याला चिंचणीहून बोईसरच्या दवाखान्यात न्यायचे आहे. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे मागच्या आसनावर बसणे अशक्य. दर वेळी रिक्षा परवडत नाही आणि मोटार घेण्याची ऐपत नाही. मग कोणीतरी सुचवते, ‘बुलेट आहेच, तिला साइडकार का जोडत नाहीस?’

सूचना चमत्कारिक नाही. बजाजची चेतक रस्त्यावर राज्य करीत होती, त्या काळात डाव्या बाजूला डबा जोडलेली स्कूटर हे मध्यमवर्गीय कुटुंबाचे प्रतिष्ठेचे वाहन होते. आणि १९७५ च्या ‘शोले’ने तर साइडकारला घराघरांत पोहोचवले. त्यातील एका गाण्यात साइडकार मोटारसायकलपासून सुटते, स्वतंत्रपणे धावते आणि पुन्हा येऊन जुळते. पडद्यावर ते गमतीचे वाटते. मात्र साइडकार जोडण्याचा विचार करणाऱ्याने नेमके तेच दृश्य डोळ्यांसमोर ठेवावे. जोडणी सुटणे किंवा चुकीची असणे, हाच या वाहनाचा सर्वांत मोठा धोका आहे.

दुचाकी संपते, तिथून सुरुवात

सर्वसाधारण समज असा की, दोन चाकांना तिसरे मिळाले म्हणजे वाहन अधिक स्थिर झाले. उभे असताना हे खरे आहे. चालू लागल्यावर मात्र नाही. मोटारसायकल वळणावर आत झुकते आणि त्या झुकण्यामुळेच तोल सांभाळला जातो. साइडकार जोडताच हे झुकणे बंद होते. शिवाय तिसरे चाक एकाच बाजूला असल्याने वाहन असमान होते. इंजिन उजवीकडे, ओझे डावीकडे.

याचे परिणाम चालकाला पहिल्या दहा मिनिटांत कळतात. वेग वाढवला, की साइडकार मागे रेंगाळते आणि वाहन डावीकडे ओढले जाते. ब्रेक दाबला, की मोटारसायकल थांबू पाहते, पण साइडकार पुढे जाऊ पाहते. त्यामुळे वाहनाचे तोंड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहतुकीकडे वळते. औद्योगिक वसाहतीतील टँकर आणि कंटेनर यांच्या गर्दीत याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

वळणांचे गणितही वेगळे आहे. पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंडीतील वळणे अनेकांच्या परिचयाची आहेत. तिथे डावे वळण वेगात घेतले, तर वाहनाचा भार उजवीकडे झुकतो आणि रिकाम्या साइडकारचे चाक चक्क जमिनीवरून उचलले जाते. आत माणूस बसलेला असेल, तर त्याच्या वजनाने हा धोका कमी होतो. म्हणजे आईला घेऊन जाताना वाहन जितके स्थिर, तितके तिला सोडून रिकामे परतताना नसते. उजवे वळण तुलनेने सुरक्षित असते, पण त्यात जोराने ब्रेक लावल्यास मोटारसायकलचे मागचे चाक हलके होते.

सर्वांत फसवी आहे ती हाताची सवय. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळण्यासाठी आपण नकळत हँडलची डावी बाजू पुढे ढकलतो. गाडी डावीकडे झुकते आणि वळते. साइडकारच्या गाडीला झुकणे माहीतच नाही. तिथे हँडल ज्या बाजूला फिरेल, त्याच बाजूला गाडी जाते. जुन्या सवयीने डावे हँडल ढकलले, तर गाडी उजवीकडे जाईल. वीस वर्षे दुचाकी चालवलेला माणूस या वाहनावर शिकाऊच ठरतो, ते यामुळे.

वेल्डिंग उत्तम, पण माप?

तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास फॅब्रिकेशनची दुकाने आहेत आणि लोखंडाचे काम करणारे कसबी हातही आहेत. डबा, चौकट, चाक ही मंडळी सहज तयार करून देतील. परंतु साइडकार हे केवळ वेल्डिंगचे काम नाही, ते मापाचे काम आहे. चौकट कितीही मजबूत असली तरी चाकांची मापे चुकली, तर गाडी सरळ चालणार नाही.

ही मापे मुख्यतः तीन. पहिले, साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या अगदी रेषेत नसावे. ते काही इंच पुढे असावे लागते. त्यामुळे वळणावर वाहन उलटण्याची शक्यता घटते. दुसरे, साइडकारचे चाक मोटारसायकलला काटेकोर समांतर नसते. त्याचे तोंड किंचित आत, मोटारसायकलच्या दिशेने असते. दोन सरळ पट्ट्या चाकांना टेकवून पुढचे आणि मागचे अंतर मोजले, तर पुढे साधारण १० ते २५ मिलिमीटर कमी भरावे. डावीकडे ओढले जाण्याच्या प्रवृत्तीला हा आतला कल उतारा ठरतो. तो कमी पडला तर हात भरून येतात. जास्त झाला तर टायर घासून लवकर संपतो. तिसरे, मोटारसायकल स्वतः साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, साधारण एक ते दोन अंश झुकलेली ठेवतात. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारे वाहन त्या उतारावर आपोआप डावीकडे सरकते. हा झुकाव ते सावरतो. ही सर्व मापे चालक आसनावर बसवून आणि साइडकारमध्ये नेहमीचे वजन ठेवूनच घ्यायची असतात, रिकाम्या गाडीवर नव्हे.

जोडणी किमान चार ठिकाणी हवी, दोन खाली आणि दोन वर. खालच्या दोन जोडण्या भार वाहतात, वरच्या दोन झुकाव राखतात. मोटारसायकलच्या मूळ चौकटीवर थेट वेल्डिंग करणे टाळावे. त्या उष्णतेने नळी कमकुवत होते आणि तडा आतून जात असल्याने तो वेळेत दिसतही नाही. जुन्या बुलेटमध्ये इंजिनखालून जाणारी पूर्ण चौकट नाही. इंजिन हाच चौकटीचा एक भाग आहे. म्हणून अशा गाडीला स्वतंत्र उपचौकट बनवून, ती नटबोल्टने बसवून, साइडकार त्या उपचौकटीला जोडणे इष्ट. १०० किंवा १२५ सीसीच्या रोजच्या वापराच्या गाड्या मात्र माणूस बसेल अशा साइडकारसाठी योग्य नाहीत. त्यांची चौकट, क्लच आणि ब्रेक त्या ओझ्यासाठी बनलेलेच नसतात.

चाकांचाही विचार हवा. झुकणाऱ्या दुचाकीच्या चाकावर भार जवळजवळ उभ्या दिशेने येतो. साइडकार जोडल्यावर प्रत्येक वळणाला तो आडवा येतो. त्यामुळे आरे सैल होणे, बेअरिंग खराब होणे, टायर मधोमध सपाट होणे हे नेहमीचेच. साइडकारच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक असावा आणि तो मागच्या ब्रेकच्या पायदांडीशी जोडलेला असावा. ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे वळण्याचा दोष त्याने बराच कमी होतो. साइडकारच्या डाव्या कडेला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. अन्यथा रात्री मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ही साधी मोटारसायकल वाटते आणि तो डावीकडून जागा काढू पाहतो.

किनारपट्टीवर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. सातपाटी वा चिंचणीच्या घरी उभ्या राहणाऱ्या गाडीचे नटबोल्ट आणि नळ्यांचे सांधे लवकर गंजतात. त्यात कधी मासळीची टोपली साइडकारमधून नेली, तर खारे पाणी थेट चौकटीत उतरते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक जोडणी तपासणे, रंग देणे आणि गंजलेला बोल्ट बदलणे हा नियमच करावा. नव्या जोडणीचे बोल्ट पहिल्या काही दिवसांतच पुन्हा आवळावे लागतात, हेही विसरू नये.

कागदाची बाजू

तांत्रिक बाजू जमली तरी अर्धेच काम झाले. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येत ‘मोटारसायकल’ म्हणजे दोन चाकी मोटार वाहन आणि त्यात जोडता-काढता येणारी, जादा चाकाची साइडकारही समाविष्ट आहे. म्हणजे साइडकार ही वस्तू कायद्याला परकी नाही. परंतु यावरून ती वाटेल तेव्हा जोडावी, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

याच कायद्याचे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल, असा बदल मालकाने करू नये. साइडकारने वाहनाचे वजन बदलते, आसनक्षमता बदलते, रुंदी बदलते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे कलम कठोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणले. त्यानुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग मार्ग कोणता? २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ मध्येच एक दार उघडे ठेवलेले आहे. शारीरिक व्यंग वा अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी वाहनात बदल करून ते ‘अनुकूलित वाहन’ करता येते. त्याला नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते. महत्त्वाचे म्हणजे, व्याख्येनुसार ती व्यक्ती स्वतः चालक असलीच पाहिजे असे नाही. तिच्यासाठी वापरले जाणारे वाहनही त्यात येते. अट मात्र कडक आहे. ते वाहन केवळ त्या व्यक्तीकडून किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरले जावे. आईसाठी म्हणून साइडकार जोडायची आणि एरवी त्याच गाडीने कामावर जायचे, हे त्या अटीत बसत नाही. शिवाय निव्वळ वार्धक्य म्हणजे अपंगत्व नव्हे. त्यासाठी प्रमाणपत्राची गरज भासू शकते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी क्रम उलटा करावा. आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. विक्रेत्याकडे साइडकारच्या मान्यताप्राप्त चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. मान्यता मिळून नोंदणीपत्रात बदल झाल्यावर विमा कंपनीला लेखी कळवावे आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्यावी. खरा प्रश्न दंडाच्या पाच हजारांचा नाहीच. अपघात झाला आणि नोंदणीपत्रात नसलेली साइडकार आढळली, तर विमा कंपनी दाव्यालाच हरकत घेऊ शकते. मग जखमी आईच्या उपचारांचा आणि समोरच्याच्या नुकसानीचा भार एका पगारावर येतो.

हेल्मेटविषयी एक जुना गैरसमजही दूर व्हायला हवा. पूर्वीच्या कलम १२९ मध्ये साइडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटमधून सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला ते बंधनकारक आहे आणि मोटारसायकलच्या व्याख्येत साइडकार येतेच. साइडकारमध्ये बसलेल्या आईलाही हेल्मेट हवे.

निर्णय कसा घ्यावा?

ज्यांना छंद म्हणून साइडकार हवी आहे, वेळ आहे आणि शिकण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी ही आनंदाची गोष्ट ठरू शकते. त्यांनी पहिले काही दिवस मोकळ्या मैदानावर, साइडकारमध्ये वाळूची पोती ठेवून सराव करावा. आधी डावी वळणे, मग ब्रेक, मग दोन्ही एकत्र. घरच्या माणसाला बसवण्याची वेळ त्यानंतरची.

ज्यांना रोज धंद्याचा माल वाहायचा आहे, त्यांनी मात्र साइडकारच्या नादी लागू नये. त्या कामासाठी तीन चाकी मालवाहू रिक्षा बनलेलीच आहे. तिची चौकट, ब्रेक आणि कागदपत्रे त्याच हेतूची असतात.

आणि ज्याच्या घरी गुडघे न वाकणारी आई आहे, त्याने एक हिशेब कागदावर मांडावा. साइडकार, उपचौकट, जादा ब्रेक, टायर, विमा, मान्यतेसाठीच्या फेऱ्या यांचा खर्च एका बाजूला. ठरलेल्या रिक्षावाल्याला महिन्याकाठी दिलेले पैसे किंवा जुन्या छोट्या मोटारीचा हप्ता दुसऱ्या बाजूला. अनेकदा दुसरी बाजूच हलकी निघेल. नाही निघाली, तर साइडकार जरूर जोडावी; पण माप घेऊन, शिकून आणि नोंदणीपत्रात चढवून.