बर्फावरचे प्रौढ शिक्षण

‘आता या वयात काय शिकायचे?’ हा प्रश्न आपण इतक्या सहजपणे विचारतो की, त्याचे उत्तर तपासून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. आज ते तपासण्यासाठी मी जरा दूरचे उदाहरण घेणार आहे. फिगर स्केटिंग, म्हणजे पायांत पात्यांचे बूट घालून बर्फावर केलेले कलात्मक संचलन, हा गोठणाऱ्या तळ्यांच्या देशांतला खेळ. आपल्या देशात सिमल्याला १९२० पासून नैसर्गिक बर्फाचे मैदान आहे. पण महाराष्ट्रात बहुतेकांनी हा खेळ पडद्यावरच पाहिलेला असतो. तरीही चाळिशीत प्रथमच बर्फावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाची अडचण आपल्याला परकी वाटणार नाही.

प्रथम साधन पाहू. स्केटचे पाते सुरीसारखे एकधारी असते, असा आपला समज असतो. वस्तुतः त्याच्या तळाला लांबीभर उथळ पन्हळ असते आणि तिच्यामुळे आतली व बाहेरची अशा दोन धारा होतात. पुढच्या टोकाला दाते असतात. शरीर एका बाजूला कलले की त्या बाजूची धार बर्फात रुतते आणि माणूस सरळ न जाता कंसात जाऊ लागतो. सायकल वळवताना आपण कलतो, तसेच हे. दोन पाय, दोन धारा आणि पुढची-मागची दिशा, मिळून आठ कंस झाले. या खेळाची बाराखडी एवढीच. पूर्वी स्पर्धकाला बर्फावर इंग्रजी आठासारख्या आकृती रेखाव्या लागत. ‘फिगर’ हे नाव त्यांवरूनच पडले. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतून त्या गेल्या, परंतु धारांचा अभ्यास काही सुटला नाही.

प्रौढ विद्यार्थ्याला पहिला पाठ मिळतो तो पडण्याचा. गुडघे वाकवून, एका कुशीवर, हात मागे न टेकता पडायचे आणि एका गुडघ्यावर येऊन उठायचे. मूल पडते ते थोड्या उंचीवरून, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत जायचे नसते. मोठ्या माणसाचे मनगट मोडले तर घराची घडी विस्कटते. त्यामुळे त्याच्या भीतीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र ही भीती उलटा सल्ला देते, हे ध्यानात घ्यावे. घाबरलेला माणूस गुडघे ताठ करतो आणि मागे रेलतो. त्याने भार टाचेकडे जातो व तो नेमका पाठीवर आपटतो. गुडघा अधिक वाकवावा, नजर समोर ठेवावी, हेच खरे. हे पटायला एक मिनिट पुरते. पायांत उतरायला महिने लागतात.

मग एका पायावर घसरणे येते. त्यानंतर पायावर पाय टाकून वर्तुळ घेणे, आणि मग ‘तीनचे वळण’. एकाच पायावर बाहेरच्या धारेने पुढे जाता जाता शरीर वळवायचे आणि आतल्या धारेवर मागे जायचे. बर्फावर तीनच्या आकड्यासारखी खूण उमटते. पाय कोठे चुकला हे ती खूणच सांगते. येथे प्रौढाला एक लाभ असतो. मूल अनुकरणाने शिकते. मोठा माणूस कारण समजून घेतो आणि चूक कोठे झाली ते स्वतः शोधू शकतो.

गिरकीचे रहस्य भौतिकशास्त्रात आहे. पसरलेले हात छातीशी घेतले की वेग वाढतो, कारण वस्तुमान आसाजवळ आले तरी फिरण्याचा संवेग तेवढाच राहतो. उड्यांत अॅक्सेल विशेष कठीण. नॉर्वेच्या अॅक्सेल पाउल्सेनने ती १८८२ मध्ये व्हिएन्नात करून दाखविली. इतर प्रमुख उड्या मागे जाताना घेतात, ही पुढे जाताना. त्यामुळे हिच्यात अर्धा फेरा जास्त पडतो. पुष्कळ प्रौढ खेळाडूंचे ध्येय हीच एक उडी असते.

अशा हौशी मंडळींसाठी जर्मनीतील ओबरस्टडॉर्फ येथे २००५ पासून आंतरराष्ट्रीय प्रौढ स्पर्धा सुरू झाली. वयाचे आणि कौशल्याचे गट वेगळे केल्यामुळे साठीतल्या माणसाला विशीतल्याशी झुंजावे लागत नाही.

आणखी एक उदाहरण. डियाना स्टेलाटो-डुडेक २००० साली कुमार गटाच्या जागतिक स्पर्धेत दुसरी आली. पुढे दुखापतींमुळे तिने खेळ सोडला. सुमारे सोळा वर्षांनी ती परतली आणि २०२४ मध्ये मॉन्ट्रियल येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मॅक्सिम देशाँबरोबर जोडीच्या प्रकारात जगज्जेती ठरली. तिचा पाया बालपणीच घातलेला होता, हे विसरून चालणार नाही. शून्यापासून आरंभ करणारा चाळिशीत जगज्जेता होईल, असे मी म्हणणार नाही.

पण त्याचे मोजमाप वेगळे आहे. गेल्या हिवाळ्यात कठडा न सोडणारा माणूस यंदा एका पायावर कंस घेत असेल, तर त्याच्या शरीराने काहीतरी नवे शिकले आहे. त्यासाठी त्याला दहा वर्षांच्या मुलांच्या रांगेत नवशिका म्हणून उभे राहावे लागले. आपल्यापैकी कोणाला पोहणे, पेटी किंवा एखादी भाषा शिकायची राहून गेली असेल. तिथेही अडते ते बहुधा याच रांगेपाशी, वयापाशी नव्हे.