'माइंड' या शब्दाचे फ्रेंच भाषांतर

कोशात प्रतिशब्द सापडला की भाषांतर झाले, अशी आपली एक भाबडी समजूत असते. तिची परीक्षा पाहावयाची असेल तर इंग्रजीतील 'माइंड' हा रोजचा शब्द फ्रेंचमध्ये नेऊन पाहावा. 'माझ्या मते' या अर्थाने तो आला, तर फ्रेंच माणूस 'मत' याच अर्थाचा शब्द योजील. 'पायरी सांभाळा' असे बजावताना आला, तर 'लक्ष' हा शब्द येईल. 'माझी हरकत नाही' म्हणावयाचे असेल, तर 'मला सारखेच' एवढेच तो म्हणेल. इथवर फारसे बिघडत नाही. शेजारचे शब्दच अर्थ सांगून जातात.

खरी पंचाईत तत्त्वज्ञानात होते. तेथे फ्रेंचमध्ये जवळचे शब्द दोन. 'एस्प्री' म्हणजे बुद्धी. पण हजरजबाबीपणा, पिशाच आणि ख्रिस्ती लोकांचा पवित्र आत्मा हेही एस्प्रीच! दुसरा 'आम', म्हणजे जीवात्मा.

जॉन लॉकच्या मानवी आकलनावरील ग्रंथाचे प्येर कॉस्तने केलेले भाषांतर १७०० साली निघाले. कॉस्त तेव्हा इंग्लंडात, लॉक राहत असे त्याच घरी शिक्षक होता. शंका आली तर ग्रंथकर्ता शेजारीच! असे भाग्य किती भाषांतरकारांना लाभते? तरीही, जन्मतः 'माइंड' हे पांढऱ्या कागदासारखे कोरे असते असे लॉक म्हणतो, तेथे कॉस्तने 'आम' घातला, आणि कागद काढून पुसलेली पाटी ठेवली. आता पाहा, मन कोरे असते म्हटले तर आपल्याकडे कोणी दचकणार नाही. आत्मा कोरा असतो म्हणा, कीर्तनाला बसलेली मंडळी उठून जातील.

हा निष्काळजीपणा मात्र नव्हे. विचार करणाऱ्या तत्त्वाला 'आम' म्हणण्याचा प्रघात देकार्तने फ्रेंचमध्ये आधीच रूढ केला होता. पण या शब्दावर पाद्र्यांचाही हक्क होता. १७३४ साली व्होल्तेअरने आपल्या पत्रांत लॉकची ओळख करून दिली, तीही 'आम' हाच शब्द धरून. त्याच वर्षी पॅरिसच्या न्यायसभेने ते पुस्तक जाळविले. कारणे अनेक होती, पण लॉकवरील पत्र त्यांतले एक होते.

उलट दिशेचा प्रवासही सोपा नव्हता. एल्वेसियुसच्या 'एस्प्री'वरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७५९ साली निघाले, तेव्हा मुखपृष्ठावर मूळ फ्रेंच नाव तसेच ठेवून त्याखाली 'माइंडविषयक निबंध' असे छापावे लागले.