डांबराचा थेंब आणि रस्त्याची खडी

पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या एखाद्या डांबरी रस्त्याला खड्डा पडला, की त्याच्या काठाशी सुटी खडी दिसते. त्यातला एक खडा उचलून पाहा. पुष्कळदा त्याच्या एका बाजूचे डांबर पार निघून गेलेले असते व आतला राखी बेसॉल्ट उघडा पडलेला असतो. डांबर तर पाण्यात विरघळत नाही. मग ते सुटले कसे? याचे उत्तर पृष्ठताणाकडे नेते.

पृष्ठताण मोजण्याची सोपी रीत म्हणजे थेंब मोजणे. ताण जास्त, तितका थेंब जड. समजा, एकाच ड्रॉपरने ३ मिलिलिटर पाण्याचे ६० थेंब पडले व तेवढ्याच करडईच्या तेलाचे १२०. पाण्याचा पृष्ठताण ७२ (मिलिन्यूटन प्रति मीटर) आणि तेलाची सापेक्ष घनता ०.९२ धरू. मग तेलाचा पृष्ठताण ७२ × ०.९२ × ६० ÷ १२०, म्हणजे सुमारे ३३ येतो.

डांबराला मात्र ही रीत चालत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली मांडलेल्या प्रयोगात डांबराच्याच जातीच्या पदार्थाचे २०१४ पर्यंत अवघे नऊ थेंब पडले! म्हणून डांबर तापवून पातळ करतात, त्यात प्लॅटिनमची पातळ पट्टी टेकवतात आणि तिच्यावरील ओढ मोजतात. ओढीला पट्टीच्या परिघाने भागले की पृष्ठताण मिळतो. पट्टी स्थिर होईपर्यंत थांबावे लागते, नाहीतर डांबराचा घट्टपणाच मोजला जातो. तापमान वाढते तसा पृष्ठताण जवळजवळ सरळ रेषेत घटतो. ती रेषा मागे वाढवून नेहमीच्या तापमानाचे मूल्य काढतात. ते ३० च्या आसपास येते.

इतका कमी ताण असल्याने गरम डांबर कोरड्या खडीवर सहज पसरते. पण दगडाला डांबरापेक्षा पाणी अधिक जवळचे. फटीतून पाणी शिरले, की ते दगडाला भिडते व डांबराला बाजूला सारते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात हीच गोष्ट उपयोगी पडते. तेथील वाळूत डांबर मिसळलेले आहे. कार्ल क्लार्क यांनी १९२० च्या दशकात गरम पाण्याने ते वेगळे करण्याची पद्धत विकसित केली. तेथे जे हवे, तेच आपल्या रस्त्यावर नको!

म्हणून खडी कोरडी व धूळविरहित असावी लागते. विझवलेला चुना मिसळल्यास पकड वाढते. तपासणीसाठी डांबर लावलेली खडी ४० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २४ तास ठेवतात. निदान ९५ टक्के पृष्ठभागावर डांबर टिकले पाहिजे.

वर्गात डांबर तापवू नये. पण तेलाचे थेंब मोजावेत आणि रस्त्यावरचा तो खडा विद्यार्थ्यांच्या हाती जरूर द्यावा.