द्राक्षमद्य उद्योग, महाराष्ट्रातील

ताज्या द्राक्षांचा रस यीस्टच्या साहाय्याने आंबवून (किण्वन) तयार केलेल्या व ऊर्ध्वपातन न केलेल्या पेयास द्राक्षमद्य किंवा वाइन म्हणतात. त्यात अल्कोहॉलचे प्रमाण सामान्यतः ११ ते १४ टक्के असते. भारतातील बहुतांश द्राक्षमद्य महाराष्ट्रात, त्यातही मुख्यत्वे नाशिक जिल्ह्यात तयार होते. पुणे, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतही मद्यनिर्मितिगृहे आहेत.

दख्खनला हे पेय प्रथम आयात माल म्हणून परिचित झाले. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी येणाऱ्या मालात मद्याचा, विशेषतः इटलीच्या मद्याचा उल्लेख असून पैठण व तेर या अंतर्भागातील पेठांचीही नोंद आहे. नेवासे येथील उत्खननात भूमध्य समुद्राकडील मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. फर्दापूरपासून सु. ५ किमी. वरील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषातील दाढीधारी पुरुष हाती पेला घेऊन बसलेला दाखविला आहे. या चित्रावरून मद्यपानाची ओळख सिद्ध होते. मद्य येथे तयार होत होते, असा निष्कर्ष मात्र त्यातून काढता येत नाही. द्राक्षलागवडीचा स्पष्ट उल्लेख चौदाव्या शतकात इब्न बतूता याने केला आहे. दौलताबाद येथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा फळतात, असे तो लिहितो. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, कारण महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचे वेगळेपण नेमके त्यात सापडते.

फ्रान्समध्ये कडक थंडीत वेल पाने टाकून सुप्तावस्थेत जातो, त्या काळात एकदाच छाटणी होते व सप्टेंबरच्या सुमारास द्राक्षे काढतात. महाराष्ट्रात वेलास अशी विश्रांती मिळत नाही. तो वर्षभर वाढत राहतो व दुसरा बहारही धरू शकतो. तथापि पावसाळ्यात पिकणारा घड केवडा (डाउनी) व भुरी या रोगांना बळी पडतो. म्हणून बागायतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून केवळ काड्या तयार करून घेतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून एकच बहार धरतो. घड कोरड्या हिवाळ्यात भरतात व जानेवारी ते मार्चमध्ये काढणी होते. फेब्रुवारीनंतर ऊन तापू लागले, की साखर झपाट्याने वाढते व आम्लता घटते. आम्लता गेलेले मद्य बेचव लागते. त्यामुळे काढणीचा दिवस नेमका साधणे हे येथील मद्यकाराचे खरे कौशल्य होय. काढणी शक्यतो रात्री किंवा पहाटे करतात.

मद्याची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांहून भिन्न असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया. पांढऱ्या मद्यासाठी शेनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ, तर तांबड्यासाठी शिराझ व काबर्ने सोव्हिन्यों हे वाण प्रामुख्याने लावतात. तांबड्या मद्यात रस सालींसह आंबवितात. रंग व तुरटपणा सालींतून उतरतो. पांढऱ्यासाठी साली आधीच वेगळ्या काढून रस कमी तापमानात आंबवितात.

आधुनिक उद्योगाचा प्रारंभ १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव (जि. पुणे) येथे झाला. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तांत्रिक साहाय्याने तेथे फेसाळते मद्य तयार करून निर्यात केले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वेली लावल्या; त्यांच्या सुला या संस्थेचे पहिले मद्य २००० मध्ये बाजारात आले. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून अबकारी शुल्कात सूट दिली. विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे खास औद्योगिक क्षेत्रे आखण्यात आली. अकलूज (जि. सोलापूर) येथे इटालियन भागीदारीतून सांजोव्हेजे हा वाण आला.

या भरभराटीत अनेक शेतकऱ्यांनी कराराने मद्याचे वाण लावले. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे मागणी खालावली, टाक्यांत मद्य साचले आणि अनेक निर्मितिगृहांना द्राक्षांचे पैसे देता येईनात. नारायणगावचा आद्य उद्योगही यात कोसळला. खाण्याच्या द्राक्षांना एक गिऱ्हाईक नसले, तर दुसरे मिळते, न पेक्षा बेदाणा करता येतो. बियांची ही लहान द्राक्षे मात्र मद्यकाराखेरीज कोणी घेत नाही. अनेकांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. करारशेतीचा भार दोहोंपैकी कोणावर पडतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. स्वतःच्या मळ्यावर थोडेच मद्य करणारी छोटी निर्मितिगृहे व मळ्यांवरील पर्यटन यांना महत्त्व आले ते मुख्यत्वे यानंतर. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावास भौगोलिक निर्देशन मिळाले आहे. तथापि फ्रान्समध्ये वाण, हेक्टरी उतारा व छाटणी यांवरही जशी नियमांची बंधने असतात, तशी परंपरा येथे अद्याप रुजलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून विक्रीस परवानगी देण्याचा मंत्रिमंडळाने घेतलेला निर्णय तीव्र विरोधामुळे अंमलात आला नाही.

बिअरनिर्मितीचे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील औद्योगिक वसाहतींत आहेत. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. जागीच थोडी बिअर गाळून विकणाऱ्या लघुनिर्मितिशाळा पुण्यात २००९ पासून दिसू लागल्या.

फ्रान्समध्ये मद्यासोबत जोडीने वाढलेली चीजची परंपरा महाराष्ट्रात नव्हती. दुधाचे दही, ताक, लोणी, तूप किंवा खवा होई. मुंबई-पुण्यातील काही लहान उत्पादक आता गाई-म्हशींच्या दुधापासून निरनिराळी चीज करतात. मुंबईच्या एलेफ्थेरिया या संस्थेच्या ब्रुनोस्ट या नॉर्वेजियन पद्धतीच्या, निवळीपासून आटवून केलेल्या चीजला २०२१ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. निवळी आटविण्याची ही क्रिया खवा करण्याच्या आपल्या रीतीस बरीच जवळची आहे.