पित्ताचे खडे : तोडणी उरकेपर्यंत थांबू नये



गळीत हंगाम सुरू झाला की घरातले दुखणे 'तोडणी उरकल्यावर बघू' म्हणून मागे पडते. पित्ताशयातील खड्यांच्या बाबतीत हे अंगाशी येते, म्हणून हा मजकूर.

यकृताखाली पित्ताशयाची लहानशी पिशवी असते. तेलकट-तुपकट खाल्ले की ती आकसून पित्त आतड्यात सोडते. तिच्या तोंडाशी खडा अडकला की उजव्या बरगडीखाली जोराची कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते आणि तासन् तास टिकते. आपण म्हणतो गॅस झाला, आणि सोडा पितो. काहीजण मुतखडा समजून पानफुटीचा पाला खातात. पण हा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच, तेव्हा कितीही पाणी प्यालात तरी तो पडायचा नाही.

खडे आहेत पण कधी दुखले नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. एकदा कळ येऊन गेली, की मात्र ती पुन्हा येण्याचा संभव मोठा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन सोनोग्राफी करावी व सर्जनकडून तारीख ठरवून घ्यावी. कळ कितीदा आली, कावीळ झाली होती का, हे चिठ्ठीत लिहून घ्यावे. नाहीतर पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा कळ थांबेना, तर चिठ्ठीची वाट पाहू नका. १०८ला फोन करून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. खडा नळीत उतरला असेल, तर स्वादुपिंडाला सूज येऊन जीवावर बेतते. अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे दिवस घालवू नयेत. पित्ताशयालाच सूज असेल, तर शक्यतो आठवड्याच्या आत ऑपरेशन व्हावे, असे आता सर्जन मानतात.

'पोट फाडतील' ही भीतीही आता जुनी झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली हे ऑपरेशन दुर्बिणीतून केले. आज ते जिल्ह्याच्या गावीही होते. तीन-चार लहान छिद्रे पडतात, बहुतेक रोगी दोन-तीन दिवसांत घरी येतात. पिशवी काढली तरी यकृतातून पित्त येतच राहते, जेवण पचते. मोळी उचलणे मात्र डॉक्टर सांगतील तोवर बंद.