प्रतिबंधक स्थानबद्धता आणि अध्यक्षीय सत्ता : घानाचा अनुभव

अनिर्बंध सत्ता नेहमीच राज्यघटना मोडून अवतरते असे नाही. अनेकदा ती घटनेने मोकळ्या ठेवलेल्या जागांतूनच वाढते. पश्चिम आफ्रिकेतील घानाचा १९५८ ते १९६६ हा कालखंड या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांच्या शासनाने पुढच्याच वर्षी प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत करून घेतला. त्यान्वये नागरिकाला खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबून ठेवता येऊ लागले. १ जुलै १९६० रोजी देश प्रजासत्ताक झाला आणि एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष झाले. नव्या घटनेच्या तेराव्या अनुच्छेदानुसार राष्ट्राध्यक्षाने पदग्रहणसमयी भाषणस्वातंत्र्य, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क इत्यादी तत्त्वांवरील निष्ठा जाहीर करावयाची होती.

ही तत्त्वे राष्ट्राध्यक्षावर कायद्याने बंधनकारक आहेत काय, हा प्रश्न १९६१ मध्ये ‘अकोटो’ प्रकरणात उपस्थित झाला. स्थानबद्धांची बाजू ज्येष्ठ विधिज्ञ जे. बी. डांक्वा यांनी मांडली. सरन्यायाधीश आर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने मात्र ही घोषणा राज्याभिषेकाच्या शपथेप्रमाणे केवळ नैतिक स्वरूपाची मानली. तिचा भंग झाल्यास मतपेटी हाच जनतेचा उपाय, असे न्यायालयाचे प्रतिपादन होते.

हा उपाय फार काळ टिकला नाही. राष्ट्राध्यक्षांवरील हल्ल्याच्या खटल्यात डिसेंबर १९६३ मध्ये तीन आरोपी निर्दोष ठरताच खुद्द कोर्सा यांनाच पदावरून दूर करण्यात आले. जानेवारी १९६४ च्या सार्वमताने एकपक्षीय राज्यावर शिक्कामोर्तब झाले व न्यायाधीशांना बडतर्फ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे आला. १९६५ च्या निवडणुकीत तर सत्ताधारी पक्षाचे सर्व उमेदवार मतदानाविनाच विजयी घोषित झाले. इतरांच्या मुक्ततेसाठी झगडलेले डांक्वा त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला न्सावम तुरुंगात स्थानबद्धतेतच मरण पावले.

मतपेटी निरर्थक ठरल्यावर २४ फेब्रुवारी १९६६ रोजी सत्तांतर घडले ते लष्कराच्या हातून. भारतातही १९७६ च्या जबलपूर प्रकरणात आणीबाणीतील स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद झाले होते. तो निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रद्दबातल ठरविला. घानाच्या १९९२ च्या घटनेने मूलभूत हक्क न्यायालयामार्फत अंमलात आणण्याजोगे केले आणि एकपक्षीय राज्य स्थापण्याचा अधिकार संसदेलाही नाकारला. सत्ताधाऱ्याच्या शपथेवर विसंबण्याची किंमत मोजल्यानंतरच ही तरतूद आली, हे विसरता येत नाही.